एपिसोड ३७ : फॉर्मचा नियम नेमका कोणाला अडवतो?

आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण लॅपटॉप उघडून बसायची गरज नाही. बसमध्ये उभे असाल, पोळ्या लाटत असाल, तरी चालेल. कोड वाचून दाखवणार नाही, कारण कानाने कंस मोजणं कोणालाच जमत नाही.

झालं असं की, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवली. "ताई, आमच्या प्रोजेक्टमध्ये रजिस्ट्रेशन फॉर्म आहे. नाव, मोबाइल, पिनकोड, पॅन. सगळ्यांचे रेजेक्स नेटवरून उचलले. आता सर म्हणतात, स्वतःचे कस्टम व्हॅलिडेशन रूल्स लिही. म्हणजे वेगळं काय लिहू?"

तर आज हेच. फॉर्मच्या फील्डसाठी स्वतःचे नियम कसे लिहायचे, आणि त्याहून महत्त्वाचं, कोणते नियम लिहायचेच नाहीत.

आधी थोडक्यात पाया. ब्राउझरकडे काही तपासण्या तयारच असतात. फील्डला 'रिक्वायर्ड' लावलं की रिकामं सोडता येत नाही. 'मिनलेंग्थ', 'मॅक्सलेंग्थ' लांबी बघतात. 'पॅटर्न' म्हणजे रेजेक्स देऊन साचा ठरवणं. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॅटर्न पूर्ण मजकुराला लागू होतो, त्यामुळे सुरुवात आणि शेवटाच्या खुणा वेगळ्या द्याव्या लागत नाहीत. आणि फील्ड रिकामं असेल तर पॅटर्न गप्प बसतो, त्याच्यासाठी रिकामं म्हणजे बरोबर. शिवाय रेजेक्सच चुकीचा लिहिला असेल तर ब्राउझर तो नियम सरळ सोडून देतो, कन्सोलमध्ये कुठेतरी एक ओळ दिसते आणि बस्स. नेटवरून उचललेल्या जुन्या पॅटर्नचं आजकाल हे होतं. ब्राउझर आता रेजेक्स जास्त कडक पद्धतीनं वाचतात, चौकटी कंसात शेवटी मोकळी सोडलेली आडवी रेघसुद्धा त्यांना चालत नाही. तुम्हाला वाटतं फील्डवर पहारा आहे, आणि पहारेकरी कधीच घरी गेलेला असतो.

याच्या पुढचं काही हवं असेल तर कस्टम नियम. जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक फील्डकडे 'सेट कस्टम व्हॅलिडिटी' नावाचं फंक्शन असतं. त्याला काहीतरी मजकूर दिला की ते फील्ड चूक ठरतं, फॉर्म पुढे जात नाही, आणि सबमिट दाबल्यावर तोच मजकूर माणसाला दिसतो. रिकामा मजकूर दिला की फील्ड पुन्हा बरोबर. हा दुसरा भाग विसरला की काय होतं? माणूस चूक दुरुस्त करतो, तरी फॉर्म अडूनच राहतो, कारण जुना मजकूर कोणी पुसलेलाच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: काही बदललं की आधी जुना मजकूर पुसा, मग तपासा, मग गरज असेल तर नवा लिहा. आणि चूक दाखवायची ती माणूस फील्ड सोडून पुढे गेल्यावर. पहिला आकडा टाकल्या टाकल्या लाल रंगात ओरडू नका. अजून लिहितोय ना तो बिचारा!

एवढं तंत्र आलं की खरं काम सुरू होतं: नियमात लिहायचं काय?

सोप्यापासून घेऊ. पिनकोड. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. आपल्या रत्नागिरीकडचे, संस्कृतचे पंडित आणि कवी. सहा आकडे, पहिला आकडा शून्य नसतो. इथपर्यंत नियम पक्का. आता हुशारी सुचते. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ ने सुरू होतात, मग पिन टाकला की राज्य आपोआप 'महाराष्ट्र' भरून ते फील्ड कुलूपबंद करू. आणि गोवा? गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात. म्हणजे म्हापशाच्या माणसाला तुमचा फॉर्म महाराष्ट्रात आणून बसवणार, आणि त्याला बाहेर पडायची सोयसुद्धा ठेवणार नाही. महाराष्ट्राचा पिन ४० ते ४४ मध्ये असतो, हे खरं. ४० ते ४४ मधला प्रत्येक पिन महाराष्ट्राचा असतो, हे खरं नाही. वाक्य उलटं केलं की नियम मोडला. कागदावर हे अगदी बाळबोध वाटतं, पण कोड रिव्ह्यूमध्ये सहज निसटतं.

आता पॅनकडे येते, आणि इथे जरा थांबणार आहे.

पॅनचा साचा तुम्हाला माहीत असेल. पाच इंग्रजी अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर सांगतं की हा पॅन कोणाचा. व्यक्ती असेल तर 'पी', कंपनी असेल तर 'सी', वगैरे. आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर. ही माहिती कळली की प्रोग्रामरचे हात शिवशिवतात. अरे वा, आडनावाचं फील्ड आहेच, पाचव्या अक्षराशी ताडून बघू, बोगस पॅन लगेच पकडू!

माझी वहिनी सांगलीला घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. हात चांगला आहे, लग्नसराईत उसंत नसते. तिला दिवाळीच्या आधी इंटरलॉकचं मशीन घ्यायचं होतं, म्हणून तिनं मोबाइलवरच एका ॲपवर छोट्या कर्जाचा अर्ज भरायला घेतला. नाव भरलं, पत्ता भरला, पॅन टाकला. फॉर्म म्हणाला, 'पॅन अवैध आहे.' तिनं परत टाकला. परत तेच. कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर वाचत टाकला. तेच. मग मला फोन. "अगं, माझं कार्ड खोटं आहे का गं?"

मी तिला कार्डाचा फोटो पाठवायला सांगितला. आडनावं बदलून सांगते. माहेरची कदम, सासरची माने. लग्नाआधी पॅन काढला तेव्हा पाचवं अक्षर आलं 'के'. लग्नानंतर तिनं रीतसर अर्ज करून कार्डावरचं नाव बदलून घेतलं, कार्डावर स्वच्छ 'माने' छापलंय. पण नाव बदललं तरी पॅनचा नंबर बदलत नाही. एका माणसाला एकच पॅन, आयुष्यभर तोच. म्हणजे कार्ड खरं, नाव खरं, नंबर खरा. मी लॅपटॉपवर तेच पान उघडून त्याची स्क्रिप्ट बघितली, तर नियम समोरच होता: पाचवं अक्षर आडनावाच्या पहिल्या अक्षराशी जुळलं नाही की 'अवैध'.

हा नियम कोणाला अडवतो, बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका. घटस्फोटानंतर माहेरचं आडनाव परत घेतलेल्या बायका. राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदललेले लोक. आपल्याकडे जातीची ओळख नको म्हणून आडनाव बदलणारी घरं आहेत, ती सगळी. आणि बोगस पॅन टाकणारा? तो आडनावाशी जुळणारं अक्षर सहज टाकेल की! ज्याला पकडायचं तो सुटतो, जिची कागदपत्रं चोख आहेत ती अडकते.

मी त्यांच्या सपोर्टला मेल केला, मुद्देसूद. उत्तर आलं ते यंत्राचं: कृपया वैध पॅन टाका. वहिनीनं शेवटी गल्लीतल्या पतसंस्थेत कागदी अर्ज भरला. तिथल्या क्लार्कनं कार्ड हातात घेतलं, नाव बघितलं, नंबर उतरवून घेतला, झालं. मशीन आलं, पण दिवाळीनंतर. सीझनची ऑर्डर गेली ती गेलीच.

यातली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या ॲपच्या टीमला हे कधी कळलंच नसणार. फॉर्ममधून चुकीची माहिती आत आली तर ती डेटाबेसमध्ये बसते, आज ना उद्या कोणाला तरी सापडते, मग बग नोंदवला जातो. पण बरोबर माणूस बाहेरच अडला तर कुठेच काही उरत नाही. त्याची ओळ नाही, आयडी नाही, तक्रार नाही. डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार. उलट कोणीतरी मीटिंगमध्ये सांगतं, या महिन्यात एवढे अवैध पॅन रोखले.

म्हणून नियम लिहिण्याआधी मी एक प्रश्न विचारते: हे कधी खरं होतं? पॅनचं पाचवं अक्षर पॅन काढला त्या दिवसाबद्दल सांगतं. आजच्या आडनावाबद्दल ते काही सांगत नाही. असे नियम भरपूर सापडतील. मोबाइल नंबर आधी ९ ने सुरू व्हायचे, मग ८, ७ आले, नंतर ६. नेटवर अजूनही '७ ते ९' वाले रेजेक्स फिरतायत, आणि लोक ते आनंदानं कॉपी करतायत. गाडीच्या नंबरचंही तेच. सुरुवातीला राज्याची दोन अक्षरं, एमएच किंवा जीए, हा नियम वर्षानुवर्षं चालला. २०२१ मध्ये भारत सिरीज आली. त्यात सुरुवातीला वर्षाचे दोन आकडे, मग बीएच. जुन्या नियमाला ती गाडी दिसतच नाही. नियम लिहिताना बरोबरच होता, पण जग पुढे गेलं आणि नियमाला कोणी सांगितलंच नाही.

बरं, आता नाव. मराठी मुलांनी लिहिलेल्या फॉर्ममध्ये मराठी नाव चालत नाही, ही आपली खास गंमत.

'नावात फक्त अक्षरं असावीत' हा नियम घ्या. बहुतेक जण लिहितात ए टू झेड. झालं, देवनागरी संपली. थोडा अभ्यास केलेला प्रोग्रामर म्हणतो, नाही नाही, युनिकोडमधलं 'लेटर' हा वर्ग वापरू, जगातली कुठलीही लिपी चालेल. चांगला विचार आहे. मग 'प्रिया' टाकून बघा. नापास! का? आपल्याला 'प्रिया' म्हणजे दोन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटरला त्यात सहा चिन्हं दिसतात: प, हलंत, र, र्‍हस्व वेलांटी, य, काना. यातली प, र, य ही तीनच 'लेटर'. हलंत, वेलांटी, काना ही युनिकोडच्या हिशेबात 'मार्क', म्हणजे अक्षराला चिकटणारी चिन्हं. नियमात 'मार्क' हा वर्गही घेतला नाही तर 'कमल', 'शरद', 'गणपत' एवढीच माणसं आत येतील. काना-मात्रा-वेलांटी असलेला सगळा महाराष्ट्र बाहेर उभा.

लांबीचाही असाच घोळ. 'श्री' दिसायला एक अक्षर, मोजायला चार चिन्हं. त्यामुळे वीस अक्षरांची मर्यादा घातलेल्या फील्डमध्ये इंग्रजीतलं नाव सहज मावतं आणि तेच नाव मराठीत लिहिलं की शेपूट तुटतं. डेटाबेसमधली मर्यादा बाइटमध्ये असेल तर आणखी वाईट, कारण युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'प्रिया'चे झाले अठरा.

आता एक माझं आवडतं उदाहरण. कऱ्हाड. यातला तो अर्धा र, मराठीचा खास. तो दोन प्रकारे टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलंत. दुसरा, साधा 'र', हलंत आणि मग एक अदृश्य चिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ते वेगळे शब्द आहेत. तुमच्या नियमात ते अदृश्य चिन्ह नसेल तर एका कीबोर्डवरून कऱ्हाड चालेल आणि दुसऱ्यावरून 'अवैध चिन्ह' येईल. त्या माणसानं चिन्ह शोधायचं कुठे? दिसतच नाही ना ते! तपासण्याआधी मजकूर एका साच्यात आणायला युनिकोड नॉर्मलायझेशन वापरायचंच. त्यानं र आणि सुटं टिंब यांचा एक 'ऱ' होतो. पण हे अदृश्य चिन्हाचं प्रकरण त्यानंही सुटत नाही, ते नियमात आपणच हातानं घ्यावं लागतं.

टाइप करतानाचा मजकूर अडवणं हा तर वेगळाच छळ. मोबाइलवर आपण बहुतेक जण इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहितो. शब्द पूर्ण होईपर्यंत कीबोर्ड तो स्वतःजवळ धरून ठेवतो. त्या मधल्या अवस्थेत तुमची स्क्रिप्ट 'हे अक्षर नको' म्हणून फील्डमधला मजकूर बदलायला लागली, तर शब्दांची अक्षरशः भेळ होते. ब्राउझर सांगतो की शब्द अजून जुळतोय, त्याला 'कंपोझिंग' म्हणतात. तो जुळेपर्यंत हात लावू नका.

नावाबद्दल आणखी थोडं. वसईचे, गोव्याचे डिसोझा इंग्रजीत 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी लिहितात. ती चालायला हवी, आणि आयफोन जी वळलेली अपॉस्ट्रॉफी घालतो तीसुद्धा. तमिळ मित्रांचं 'आडनाव' म्हणजे एकच इंग्रजी आद्याक्षर असू शकतं, म्हणून 'किमान दोन अक्षरं' हा नियम नको. आपला तो नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असा तीन खणांचा फॉर्मही आता पुरत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी राज्य सरकारनं ठरवलंय की बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. शाळाप्रवेशाचे फॉर्म लिहिणाऱ्यांनो, ही मुलं लवकरच तुमच्या दारात उभी राहणार आहेत. पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रामरनं २०१० मध्ये नावांबद्दलच्या गैरसमजांची एक यादी लिहिली होती, ती शोधून वाचा. वाचून झाल्यावर नावाच्या फील्डला काय नियम लावावा? माझं उत्तर: रिकामं नको, बेफाम लांब नको, आणि कंट्रोल कॅरॅक्टर्स नकोत. बस्स.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मग काहीच तपासायचं नाही का? तपासायचं की! पण आधी साफ करायचं.

कोणी व्हॉट्सॲपवरून मोबाइल नंबर कॉपी करून तुमच्या फील्डमध्ये पेस्ट करतं. त्यात सुरुवातीला अधिक चिन्ह, ९१ आणि एक मोकळी जागा असते. तुम्ही मॅक्सलेंग्थ दहा ठेवलीय. ब्राउझर पहिली दहा चिन्हं ठेवतो, बाकी छाटतो. चार चिन्हं सुरुवातीलाच गेली, नंबरचे उरले सहा आकडे. आणि वर तुमचा फॉर्म म्हणतो, 'मोबाइल नंबर दहा अंकी हवा.' अहो, दहा अंकीच होता, कात्री तुम्ही चालवलीत! मर्यादा सैल ठेवा, मोकळ्या जागा आणि रेघा काढा, सुरुवातीचं ९१ किंवा शून्य काढा, आणि मग दहा आकडे आहेत का, पहिला ६ ते ९ मधला आहे का, ते बघा.

याच पायरीवर मराठी आकडे इंग्रजीत करून घ्या. मराठी कीबोर्डवर कोणी '४११' मराठीत टाइप केलं तर जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला 'डिजिट' ते ओळखत नाही. आणि गंमत बघा, पायथनचा 'डिजिट' ओळखतो. म्हणजे ब्राउझर म्हणतो चूक, सर्व्हर म्हणतो बरोबर, आणि दोन टीम एकमेकींकडे बोट दाखवत बसतात. देवनागरी आकडे युनिकोडमध्ये शून्य ते नऊ ओळीनं बसलेत, बदलायला एक वजाबाकी पुरते.

काही नंबर असे असतात की त्यांच्या पोटातच तपासणी असते. तिथे मात्र कडक नियम लावा, अगदी बिनधास्त. आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, व्हरहोफ नावाच्या पद्धतीनं. याकोबस व्हरहोफ या डच गणितज्ञानं ती १९६९ मध्ये मांडली. एक आकडा चुकला की ती पकडते, शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी पकडते, हटकून. क्रेडिट कार्डांवर लुन पद्धत असते, आयबीएमच्या हान्स पीटर लुनची. ती करायला सोपी आहे, पण ०९ चं ९० झालं तर तिला कळत नाही. हे नियम लिहिताना मजा येते, कारण इथे अडवलेला नंबर शंभर टक्के चुकीचाच असतो. फक्त, आधारची गरज नसेल तर ते फील्डच ठेवू नका. सगळ्यात सुरक्षित आधार तुमच्या डेटाबेसमध्ये नसलेला.

पण नंबर साच्यात बसला म्हणजे जिवंत आहे असं नाही. आयएफएससी बघा. अकरा चिन्हं, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवा शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी लोक हमखास इंग्रजी 'ओ' टाकतात. तिथे ओ कधीच नसतो, मग तुम्हीच तो शून्य करून द्या ना, त्यात काय रागवायचं? आता देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांचे जुने कोड बंद झाले. साच्याच्या हिशेबात ते कोड आजही सुंदर आहेत. पैसे मात्र जाणार नाहीत. हे रेजेक्सला कळणं शक्यच नाही, त्यासाठी ताजी यादी लागते आणि ती तपासणी सर्व्हरवर होते.

सर्व्हरचं नाव निघालं म्हणून पटकन. ब्राउझरमधले नियम म्हणजे भरणाऱ्याची सोय. ते कोणीही दोन मिनिटांत बंद करू शकतं. त्यामुळे प्रत्येक अडवणारा नियम सर्व्हरवर परत लिहायचाच, यात पर्याय नाही. आणि तिथे रेजेक्स जपून. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद पडली होती. कारण? मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा काढणारा एक रेजेक्स, आणि कोणीतरी टाकलेल्या एका पोस्टमधल्या सुमारे वीस हजार मोकळ्या जागा. रेजेक्स पुन्हा पुन्हा मागे येऊन मोजत बसला आणि सर्व्हरचा दम निघाला. म्हणून आधी लांबी तपासा, मग रेजेक्स.

आता चुकीचा संदेश. 'अवैध इनपुट' हा संदेश लिहिणाऱ्याला मी एक दिवस तहसील कचेरीच्या रांगेत उभं करीन. संदेशात काय चुकलं आणि काय करायचं, दोन्ही हवं. 'पिनकोडमध्ये ५ आकडे आहेत, ६ हवेत.' किती साधं! बोली मराठीत लिहा. 'कृपया योग्य प्रारूपातील माहिती प्रविष्ट करावी' वाचून माझी आई फोन बाजूला ठेवते आणि मला हाक मारते. आणि पॅनसारख्या ठिकाणी 'अवैध' शब्द वापरताना तर दहादा विचार करा. आपण बॉक्समधल्या अक्षरांबद्दल बोलतोय असं आपल्याला वाटतं, पण समोरच्याला ते स्वतःच्या कागदपत्रांबद्दल ऐकू येतं. वहिनीला तसंच ऐकू आलं होतं.

आमच्या टीममध्ये आम्ही नियमांचे दोन ढीग करतो. एक अडवणारे, एक विचारणारे. पिनकोडला पाच आकडे, आधारची तपासणी फसली, हे अडवणारे. वय १०४, पॅनचं पाचवं अक्षर वेगळं, ईमेलच्या शेवटी 'जीमेल'चं स्पेलिंग विचित्र, हे विचारणारे: 'हे बरोबर आहे ना?' आणि 'हो' म्हटलं की पुढे जाऊ द्यायचं. मॅनेजर नेहमी म्हणतात, सगळे अडवणाऱ्या ढिगात टाका, डेटा स्वच्छ राहील. त्या वेळी मी एवढंच विचारते, हा नियम ज्याला चुकून अडवेल तो पुढे काय करेल? त्याच्याकडे फोन नंबर आहे का, काउंटर आहे का? काही नसेल तर तो नियम विचारणाऱ्या ढिगात.

आणखी एक काम करा, प्रोजेक्टमध्येसुद्धा. कोणता नियम किती वेळा लागला याची मोजणी ठेवा. फील्डमध्ये काय लिहिलं होतं ते साठवायचं नाही, फक्त नियमाचं नाव आणि आकडा. एखादा नियम रोज शेकडो लोकांना अडवत असेल तर शेकडो लोक रोज खोटं बोलतायत असं समजण्याआधी नियमाकडे बघा. प्रत्येक नियमाच्या डोक्यावर एक ओळही लिहा: हा कशावरून केला, कोणत्या तारखेला, आणि कोणाला अडवू शकतो. तिसरा भाग लिहिता आला नाही तर नियम अजून कळलेला नाही असं समजा.

तर व्हॉइस नोट पाठवणाऱ्या मित्रा, सरांना दाखवायला ही घे चाचणीची यादी. नावात 'प्रिया', दोन्ही प्रकारे टाइप केलेलं 'कऱ्हाडकर', वळलेल्या अपॉस्ट्रॉफीचे इंग्रजीतले डिसोझा, आणि आडनावाच्या जागी एकच अक्षर. मोबाइलमध्ये अधिक ९१ लावून पेस्ट केलेला नंबर आणि ६ ने सुरू होणारा नंबर. पिनमध्ये ४०३ ने सुरू होणारा, आणि एक मराठी आकड्यांतला. पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाशी न जुळणारा. या सगळ्यांना तुझा फॉर्म आत घेतो का, ते बघ. मग पाच आकड्यांचा पिन टाक आणि तो अडतो का, तेही बघ.

जन्मतारखेचं फील्ड आज मुद्दाम सोडलंय, त्याला अख्खा भाग लागेल. आपल्याकडे १ जूनला जन्मलेले आजोबा-आजी इतके कसे, आणि 'एकाच तारखेचे खूप अर्ज आले' म्हणून सावध होणारा नियम त्यांचं काय करतो, ते पुढच्या वेळी. तोपर्यंत तुमच्या नावाला कुठल्या फॉर्मनं नाकारलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. पूर्ण नाव नको, नुसतं कोणतं अक्षर अडलं ते सांगा. मी यादी करतेय.